पाचवीचा कोरा कागद

हळदीकुंकवाला बायका जमल्या, की म्हणतात, "काकू, हॉस्पिटलचं सांगा ना!" नातीला घेऊन आम्ही तिथे नऊच दिवस होतो; पण किस्से असे साठलेत, की वाण संपतं, किस्से संपत नाहीत!

नात लेकीच्या पोटात असतानाच सोनोग्राफीत दिसलं होतं, बाळाच्या बीजांडावर लिंबाएवढी पाण्याची गाठ आहे. जन्मल्यावरही ती तशीच होती. पीळ पडला तर बीजांडच जाईल, म्हणून ऑपरेशन ठरलं.

*

माझ्या विहीणबाई मोहोळच्या. त्यांनी सर्जनना पहिल्याच दिवशी धरलं. "डाक्टर, हिचं अजून नाव ठेवलं न्हाय, आन् हिला बायकांचं दुखणं कुटनं आलं? सूनबाईनं गिराण पाळलं न्हवतं का?"

"आजी, आईचे हार्मोन्स बाळालाही पोचतात. त्यानं होतं कधीकधी. माझ्या आईनंही ग्रहण पाळलं नव्हतं. माझं काही बिघडलंय?"

विहीणबाईंनी त्यांना नीट न्याहाळलं. "केस तेवढं गेलं की!"

बाळंतपणानंतर माझी लेक तेव्हा पहिल्यांदा हसली.

*

बाळाला तपासण्याआधी डॉक्टर गरम चहाच्या कपाला हात लावून बसायचे. चहा तसाच राहायचा. शबाना सिस्टर म्हणाल्या, "सर चा पीते नै काकू, हातां सेकते!"

*

अक्षर मात्र...! एकदा चिठ्ठी उलटीसुलटी करून याच सिस्टर म्हणाल्या, "काकू, एवढे नवस बोलता, एक सरांच्या अक्षरासाठी पण बोला की!"

*

ऑपरेशन होईपर्यंत मी निरंकार उपास धरला होता. डॉक्टरांना कळलं. "काकू, चार तास उपाशी बाळानं राहायचंय, तुम्ही नाही! चक्कर येऊन पडलात तर मी कुणाकडे बघू?" आपल्या डब्यातलं केळं माझ्या हातात दिलं. "उपासाला चालतं ना?"

मी खाल्लं. देव रागावला नसावा.

*

पाचवी वॉर्डातच पुजली. दिव्याला बंदी, बाकीचं सिस्टरनी चालवून घेतलं. टेबलावर हळदकुंकू, कोरा कागद, पेन. सटवाईनं येऊन बाळाचं नशीब लिहायचं.

संध्याकाळी डॉक्टर आले. जावईबापूंना समजावताना त्यांनी तोच कागद ओढला, तेच पेन घेतलं आणि भराभर चित्र काढलं! "उद्या दुर्बिणीतून आत जाऊ. हे बीजांड, ही गाठ. गाठ काढायची, बीजांड ठेवायचं. पण पीळ बसून ते मेलं असेल, तर तेही काढावं लागेल. आत गेल्यावरच कळेल." चित्राशेजारी काहीबाही लिहिलंही.

आम्ही दोघी गार! विहीणबाई रडकुंडीला आल्या. "डाक्टर, आता सटवाईनं कुटं लिवायचं?"

डॉक्टरांनी कागद उलटा केला, दोन्ही हातांनी जागेवर ठेवला.

"ही बाजू कोरी आहे, आजी."

*

दुसऱ्या दिवशी थिएटरचं दार उघडलं. डॉक्टर टोपी काढत बाहेर आले. "गाठ गेली, बीजांड राहिलं. छान गुलाबी आहे."

मी हात जोडले. कुठल्या देवाला, ते मलाच कळेना. विहीणबाईंनी पदराखालून कागद काढला. कोरी बाजू पाहिली. कोरीच होती. मग उलटवून, डोळ्यांजवळ नेऊन, चित्राशेजारचं लिहिलेलं बराच वेळ बघितलं.

"ईनबाई," त्या हळूच म्हणाल्या, "सटवाईचं अक्षर लई वंगाळ हाय की!"