आत्याने बांधलेला डबा

माझ्या वडिलांनी आमच्या कोराडीच्या कॉलनीत सांगून ठेवलं आहे की मी एका जपानी कंपनीत आहे. मी घरच्याच टेबलाशी बसून जपानी चित्रकथांचं इंग्रजी भाषांतर करते, हे त्यांना नीट ठाऊक आहे. पण 'कॉमिक्स' म्हटलं की समोरचा माणूस आधी हसतो आणि मग माझं इंजिनिअरिंग कुठल्या कॉलेजातून झालं ते विचारतो. म्हणून कंपनी.

जपानी मी शिकले ती नोकरीसाठीच. रामदासपेठेत एक निवृत्त बाई शिकवणी घ्यायच्या. माझं वाचन फारच कोरडं आहे म्हणून त्यांनी सरावाला एक चित्रकथेचं पुस्तक दिलं. नोकरी राहिली बाजूला. वर्षभरात मी एका परदेशी प्रकाशकाची चाचणी दिली, त्यांनी मला घेतलं, आणि तेव्हापासून मी वह्यांमध्ये आवाज जमवते आहे. या पुस्तकांत प्रत्येक गोष्टीला आवाज असतो. शांततेलाही असतो, 'शीऽऽन' असा. एकदा एका चित्रात वाफेचा मोठा झोत होता आणि मला त्याला इंग्रजी अक्षरं सुचेनात. वडिलांचा जन्म वीजकेंद्रात बॉयलरशी गेला, म्हणून त्यांना विचारलं. त्यांनी चष्मा काढून ठेवला, श्वास भरला आणि असा काही आवाज काढला की शेजारच्या काकू कुकर बघायला धावत आल्या.

दोन वर्षांपूर्वी सावनेरची आत्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनला आमच्याकडे आली. जन्मभर शेतात राबलेली, चौथी शिकलेली बाई. ऑपरेशननंतर शेतावर जायचं नाही, वाकायचं नाही, चुलीशी बसायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं. मग ती करणार काय? काळा चष्मा लावून माझ्या शेजारी खुर्ची ओढून बसायची आणि माझ्या कामावर देखरेख करायची.

तेव्हा माझ्याकडे एका म्हातारीची गोष्ट होती. तिचं खेड्यात छोटंसं दुकान, आणि एकुलता एक मुलगा शहरात निघालेला. निघायच्या दिवशी ती त्याला एकच वाक्य बोलते: तुला हवं ते कर. मी ते इंग्रजीत जसंच्या तसं उतरवून पाठवलं. संपादिकेने पान परत केलं. तिचं म्हणणं, इथे म्हातारी थंड वाटते, वाचक पुढे तिला कधीच माफ करणार नाहीत. मी शब्दकोश काढले, तीन पर्याय लिहिले, तिन्ही खोडले. मूळ वाक्यच तसं आहे, त्याला मी काय करू, असं म्हणत मी चिडून बसले होते.

"हे बाई काय म्हणून राहिली?" आत्याने विचारलं.

"म्हणते, तुला हवं ते कर."

"आन् हातानं काय करून राहिली?"

मी पाहिलं. आठवडाभर मी त्या पानावरचा शब्दांचा फुगाच बघत होते. खाली कोपऱ्यात म्हातारीचे हात होते.

"डबा बांधून राहिली ना वं! दोन गाठी मारल्या, पाह्य. रागावलेली बाई दोन गाठी मारते का? तिले रडू येऊन राहिलं."

"मग तू काय म्हटलं असतं, आत्या?"

तिने जरा विचार केला. तिचा मोठा मुलगा पुण्याला गेला तेव्हाचा दिवस तिला आठवला असावा, कारण आवाज एकदम बारीक झाला. "मी म्हटलं ना तवा. जाय बाप्पा, जाय आता."

इंग्रजीत मी लिहिलं, "गो ऑन, देन. गो." संपादिकेचं एका ओळीचं उत्तर आलं: हीच ती. आता तिची आधीची सगळी वाक्यंही अशीच करून द्या.

पुढचे बारा दिवस आमच्या घरात गोष्टीतली म्हातारी म्हणजे आत्याच होती. मी वाक्य मराठीत सांगायचे, आत्या चित्राकडे बघून ते तिच्या पद्धतीने म्हणायची, आणि मी तिचा सूर इंग्रजीत धरायला बघायचे. तिसऱ्या दिवसापासून आत्या गोष्टच सुधारायला लागली.

"त्या पोराचं लग्न लावून दे. मंग नाही जात तो."

"तसं नाही करता येत, आत्या. गोष्ट दुसऱ्याची आहे."

"मंग तुह्या हातात हाय तरी काय?"

वडील पेपरामागे इतके हसले की पेपर हलायला लागला.

डोळा तपासून डॉक्टरांनी परवानगी दिली आणि आत्या गावी गेली. शेवटची दोन प्रकरणं मी एकटीने केली. फोनवर ती मुलाचं काय झालं विचारायची, मी सांगायचे नाही. पुस्तक छापून आलं तेव्हा एक प्रत घेऊन मी बसने सावनेरला गेले. आत्याने शेजारच्या चार बाया आधीच बोलावून ठेवल्या होत्या. चष्मा पुसून तिने आपल्या सवयीने पुस्तक उघडलं. जपानी पुस्तकं उजवीकडून सुरू होतात आणि इंग्रजीतही ती तशीच छापतात, हे मी सांगेपर्यंत ती शेवटच्या पानावर पोचली होती. तिथे मुलगा दुकानाच्या पायरीवर बसून जेवत होता.

"आला ना हा वापस!" ती माझ्यावरच डाफरली. "मंग मले इतके महिने काहून छळलं वं?"

मी पुस्तक उलटं करून पहिल्या पानापासून वाचायला घेतलं, इंग्रजीवरून परत मराठीत. पण बाया मला पुढे जाऊ देईनात. म्हातारीच्या दुकानात गिऱ्हाईक का नाही, सून कधी आणणार, पोरगा असा वाळलेला का, प्रत्येक चित्राला चार प्रश्न, आणि त्यांची उत्तरं मला न विचारता आत्याच द्यायची. कोराडीची बस पकडायला उठले तेव्हा आम्ही आठव्या पानावर होतो. पुस्तक तिने ठेवून घेतलं. पुढचं मी सांगतो या बायायले, म्हणाली.