रिव्हर्समध्ये छाटणीला

आमच्या शेडमध्ये ती तीन वर्षं ताडपत्रीखाली बसून होती. नाशिकजवळचं एक पर्यटन केंद्र बंद पडलं तेव्हा आमच्या ह्यांनी ती चार जाड टायरांची, हँडलवाली गाडी उचलून आणली. द्राक्षांच्या ओळींमधून खताच्या गोण्या न्यायला बरी पडेल, हा हिशोब. एक हंगाम चालली आणि रुसली. निफाडचा मोटारसायकलवाला म्हणाला, ही काही बाइक नाही. ट्रॅक्टरवाला म्हणाला, हा काही ट्रॅक्टर नाही. हिरवी, बुटकी, पुढचे दिवे बटबटीत, म्हणून सासूबाई तिला बेडूक म्हणत.

सासूबाईंना मी आईच म्हणते. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या गुडघ्यांनी संप पुकारला. नदीकडचा प्लॉट घरापासून अर्ध्या किलोमीटरवर आहे, आणि वाट म्हणजे काळ्या मातीतल्या चाकोऱ्या. ती बाग त्यांनी आणि सासऱ्यांनी स्वतःच्या हातांनी खड्डे खणून लावली. दर ऑक्टोबर छाटणीला वेलाची पहिली काडी आईच कापायच्या. सासरे गेल्यावरही त्यांनी ते सोडलं नव्हतं. आता मात्र ट्रॅक्टरवर चढता येईना आणि मोटारसायकल चिखलात घसरायची. मागच्या वर्षी ह्यांनी सुचवलं, खुर्चीत बसवून चौघं जण उचलून नेऊ.

"चौघांच्या खांद्यावर एकदाच जायचं राहतं बाबा," आई म्हणाल्या. "तू घाई नको करू."

मग त्या ओट्यावर बसून राहिल्या आणि संध्याकाळी मजुरांकडे एकेका ओळीची चौकशी करत राहिल्या. मला ते बघवेना. या वर्षी आई बेडकावर बसून छाटणीला जाणार, असं मी घरात जाहीर करून टाकलं. मी शाळेत विज्ञान शिकवते. बावीस वर्षं फळ्यावर चार रंगांच्या खडूंनी इंजिन काढते आहे. खरं इंजिन उघडलं नव्हतं, पण ती किरकोळ बाब वाटली.

ह्यांनी एवढंच विचारलं, "आणि परत जोडणार कोण?"

मी पहिल्याच रविवारी सीट काढली, बाजूची झाकणं काढली आणि मोबाइलवर व्हिडिओ लावून कामाला लागले. आई शेजारी खुर्ची टाकून बसल्या. स्क्रू हरवू नयेत म्हणून त्यांनी मसाल्याचा जुना डबा आणला आणि प्रत्येक जागेचे स्क्रू वेगळ्या वाटीत ठेवले. तेव्हापासून आमची भाषाच बदलली. सीटचे बोल्ट म्हणजे मोहरी, कार्बोरेटरचे स्क्रू म्हणजे जिरे, बॅटरीचे हळद.

टाकीतल्या पेट्रोलचं चिकट रोगण झालं होतं आणि कार्बोरेटरची बारीक भोकं त्यानेच बुजली होती. एअर फिल्टर काढला तर तो पिवळाधमक. बागेत गंधक धुरळतो, ते सगळं बेडकाने हंगामभर नाकाने ओढलं होतं. आईंनी फिल्टर ओट्यावर आपटला आणि आम्ही दोघी शिंका देत देत हसत सुटलो. हे बाहेरून डोकावले, आम्हाला बघितलं आणि परत गेले.

दुसऱ्या रविवारी ऑइल बदललं, स्पार्क प्लग बदलला, नवी बॅटरी बसवली. गिअरच्या दांड्यापासून गिअरबॉक्सपर्यंत एक सळई जाते, ती गंजली होती. ती काढून घासून लख्ख केली आणि परत बसवताना दोन्ही टोकांचे आटे अगदी सारखे फिरवले. एक बाजू लांब आणि एक आखूड होती, ते माझ्या मास्तरकीला कसंसंच वाटत होतं. स्वतःवर मी इतकी खूश होते की त्या संध्याकाळी वह्या तपासताना दोघांना जास्तीचे गुण देऊन बसले.

तिसरा रविवार म्हणजे छाटणीचा आदला दिवस. हरसूलकडची मजुरांची टोळी दुसऱ्या दिवशी सकाळी येणार होती आणि तिच्या पुढच्या तारखा दुसऱ्या बागांना दिलेल्या होत्या. मी बटण दाबलं, गाडी सुरू होईना. ती न्यूट्रलवरच सुरू होते आणि दांडा न्यूट्रलवर होता, तरीही. चिडून पुढे ढकलला, बटण दाबलं आणि बेडूक फटफटत जागा झाला. मला रडू आणि हसू एकदमच आलं. इंजिन नीट ऐकावं म्हणून मी दांडा न्यूट्रलवर घेतला आणि अंगठ्याने गॅस दिला. गाडी थेट मागे उडाली आणि मी द्राक्षांच्या रिकाम्या कॅरेटच्या थप्पीत जाऊन बसले.

सगळं उलगडायला अर्धा तास गेला. सळईचे आटे सारखे करण्याच्या नादात मी तिची लांबीच बदलली होती. आता दांडा पुढे टाकला की न्यूट्रल, न्यूट्रलवर टाकला की रिव्हर्स. पुढे जायचा गिअर लागतच नव्हता. सळई सोडवायला गेले तर घट्ट आवळलेल्या नटाचे कोपरेच झिजले. पिंपळगावच्या ओळखीच्या मेकॅनिकला फोन केला, तो परवा येतो म्हणाला.

"मागं तर जाती ना?" आईंनी विचारलं.

"जाते."

"मग मला उलटं बसव. गाडीची पाठ प्लॉटकडं कर."

सकाळी मागच्या कॅरियरवर गोधडी अंथरली. हात धरून आईंना चढवलं. त्यांचं तोंड प्लॉटकडे, माझं घराकडे, पाठीला पाठ. आईंच्या मांडीवर छाटणीची कात्री. त्या समोरचं बघून सांगायच्या आणि मी हँडल फिरवायची. त्यांची डावी ती माझी उजवी, हे लक्षात येईपर्यंत आम्ही एकदा बांधावर चढलो.

"अगं, लय घेतलं. तिकडं पाट हाय," आई ओरडत होत्या.

"आई, तिकडं म्हणजे कुठं?"

"माझ्या हाताकडं बघ की."

मला त्यांचा हात दिसणार कसा? हे बाजूने चालत चालत एका हाताने कॅरियर धरून होते आणि दुसऱ्याने डोळे पुसत होते, हसून हसून. प्लॉटवर टोळीतल्या बाया कात्र्या खाली टाकून बघत उभ्या राहिल्या. एकजण म्हणाली, "आजीची स्वारी आली." आई उतरल्या, पहिल्या ओळीतल्या पहिल्या झाडाशी ह्यांच्या आधाराने उभ्या राहिल्या, गाठीच्या पुढे एक डोळा, म्हणजे कोंब फुटायची जागा, मोजून ठेवला आणि काडी कापली. मग ह्यांच्याकडे वळून म्हणाल्या, या ओळीला पाणी कमी पडलंय, आणि ते खरंच होतं.

ठरल्याप्रमाणे मंगळवारी मेकॅनिक आला. नट कापला, सळई योग्य लांबीला बसवली आणि दहा मिनिटांत चहा पिऊन गेला. गाडी शहाण्यासारखी पुढे चालायला लागली. त्या संध्याकाळी मी आईंना माझ्या मागे बसवून दिमाखात प्लॉटवर नेलं. चाकोरीबाहेर एकदाही गेले नाही. वाटभर आई मागे चुळबुळत होत्या. मला वाटलं, गुडघे दुखत असतील.

उतरताना म्हणाल्या, "उद्या उलटीच आण."

"का हो आई? आता तर नीट चालतीये."

"तुझ्यामागं बसले की तू मला नेतीस. उलटं बसले की मी जाती."

त्यानंतर आम्ही दोघी प्लॉटवर रिव्हर्सनेच जातो. माझी मान आखडते, आणि डावी-उजवी मला अजूनही नीट कळत नाही.