पाडव्याची म्हैस नव्हे, घाण्याचा शाफ्ट

चकचकीत दिसलं की झकास, हे तुमच्या डोक्यात कुणी भरवलं? उदयसिंहाच्या डोक्यात दिवाळीच्या पाडव्यानं भरवलं असावं. दरवर्षी म्हशीला तेल चोपडायचं, शिंगं रंगवायची, कोल्हापुरात मिरवायची आणि लोकांनी माना डोलवायच्या. तेच डोकं त्यानं बिद्रीजवळच्या आपल्या गुऱ्हाळात, ऊस गाळायच्या घाण्याला लावलं.

घाण्याचे बुश, म्हणजे शाफ्ट ज्यात फिरतो ती बेरिंगची कडी, कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या अनुजानं केलेले. डिप्लोमा करून स्वतःच्या नावाचा बोर्ड लावलेली बाई. जिभेला हाड नाही, पण कामात खोट सापडायची नाही. बुशमध्ये तेल जिथून आत शिरतं, तेवढ्याच पट्ट्यावर तिनं निसरडं कोटिंग दिलं होतं. तिथं तेल अडखळत नाही, सर्रकन पुढं सरकतं. फिरणारा शाफ्ट मात्र मुद्दाम उघडा ठेवलेला, कारण तेल धरून वजनाखाली ओढत न्यायचं काम त्याचं.

उदयसिंहाला हे कुठलं पटायला! "एवढ्याशा पट्ट्यानं फायदा हुतोय, तर सगळ्यालाच मारूया की!" म्हणत त्यानं परस्पर शाफ्टलाही तेच कोटिंग मारून आणलं. घाणा फिरला आणि बेरिंगमधनं धूर निघाला. बाहेर लोकांचा तोडलेला ऊस वाळत पडलेला. शेतकरी गोळा झाले तसा हा ओरडला, "बाईमाणसाचा बुश, दुसरं काय हुणार?"

हे बोलणं चार गावांत गेलं असतं, तर अनुजाच्या दारात कुत्रं फिरकलं नसतं. ती तडक आली. शाफ्ट बाहेर काढायला लावला.

"पावणं, ह्यो साज कुणी चढवला?"

"मीच. भारी दिसतोय न्हवं?"

"दिसतोय की. घुंगरं बांधा आन् पंचगंगेवर न्हेऊन मिरवा."

तिनं शाफ्टवर तेल ओतलं. थेंब गोळा होऊन घरंगळले.

"ह्याला त्याल धरतच न्हाय. मग आत वडून कोण न्हेणार, तुमची म्हस?"

ज्याचा ऊस वाळत होता तो जोतीराम फिस्सकन हसला. "उदयसिंह, बोल की आता! मगाशी लई गरजत हुतास."

शाफ्ट टेम्पोतनं उद्यमनगरात गेला. लेथवर कोटिंगचा थर उतरवून, जळालेल्या बुशच्या जागी नवा घेऊन अनुजा परतली. घाणा चालू झाला. बेरिंग नुसतं कोमट.

माफी? छे! हा गडी आता सांगत सुटलाय, "चूक म्याच धरली." धरली म्हणे!

त्या बाजूला गेलात तर एवढं करा. चारचौघांत त्याला विचारा, शाफ्टला कोटिंग कुणी मारलं होतं? आणि उत्तर येईपर्यंत तिथनं हलू नका.