ऐकणाऱ्या पेशी

दादाचा फोन आला तेव्हा मी जुईनगरच्या बाजारात अळूची पानं निवडत होते. "सुधा गेली गं," एवढंच म्हणाला. सुधा म्हणजे माझी वहिनी. घरी येऊन मी पानं धुवायलाही काढली, आणि मग कळलं की ही वडी जिच्यासाठी करायची ती आता... याला महिना होऊन गेला.

दादाच्या उलव्याच्या फ्लॅटमध्ये वहिनी दुपारभर बाल्कनीत बसायची. समोर खारफुटी, चिखलात बगळे, आणि हिचे डोळे अर्धे मिटलेले. बोलताबोलता कुठेतरी तरंगत जायची आणि परत आली की भलताच विषय काढायची. फायब्रॉइड म्हणून तिची पिशवी काढली, तर तपासणीत क्वचितच आढळणारा गर्भाशयाचा कॅन्सर निघाला. फुप्फुसातही ठिपके होते. डॉक्टर म्हणाले, पेशींमध्ये हार्मोनचे रिसेप्टर असतील तर गोळ्यांवर भागेल, नाहीतर किमो. रिपोर्ट येईपर्यंत दादाला घास गिळवेना. वहिनी मात्र स्वप्नात असल्यासारखी सांगायची, "रिसेप्टर म्हणजे कान गं. हार्मोनचं ऐकून त्या वाढतात. कान असले तर बरंच, त्यांच्याशी बोलणंच बंद करायचं."

"दादाशी करतेस तसं?"

"तुझ्या दादाला कुठे कान आहेत?"

रिपोर्ट पॉझिटिव्ह आला, पेशींना कान होते. दादाने सोसायटीत पेढे वाटले. शेजारच्या काकूंनी विचारलं, "कोणाचा रिझल्ट लागला?"

"सुधाचा," दादा म्हणाला.

गोळ्यांनी ठिपके आक्रसले, आम्हाला काही वर्षं मिळाली. पण गोळ्यांनी हार्मोन बंद केल्याने तिच्या अंगाची लाही लाही व्हायची. एसी कायम अठरावर. दादा गोधडीत गुरफटून कुरकुरायचा, "अगं, माणूस आहे मी, फ्रिजमधली भाजी नाही." घाम फुटला की ती डोळे मिटून समाधानाने म्हणायची, "लागू पडतंय..."

यंदा ठिपके पुन्हा वाढले. ठिपक्याचा तुकडा काढून तपासला, तर रिसेप्टर उरलेच नव्हते. गोळ्या थांबल्या. पुढे एका दुपारी मी तिथे असताना वहिनी झोपेतून जागी होत म्हणाली, "अहो, एसी बंद करा ना. थंडी वाजतेय."

इतकी वर्षं हे ऐकायला आसुसलेला माझा भाऊ रिमोट हातात धरून नुसता उभा राहिला. त्याच्याने बटण दाबवेना. शेवटी मीच उठून एसी बंद केला, आणि वहिनीच्या अंगावर त्याची गोधडी घातली.

परवा गेले तर खोली गारठलेली होती. दादा पलंगाच्या आपल्या कडेला, गोधडीत.

"बंद करू का रे?" मी विचारलं.

"नको," तो म्हणाला. "तिला उकडतं."