मला वास आला होता

बोईसरच्या कॉलेजात मी मराठी शिकवते. बारावीला एक जुनी कथा आहे. त्यातल्या बाईला सगळं गाव वेडी म्हणतं आणि शेवटी ती खरंच वेडी होते. समाज तिला वेडाकडे कसा ढकलतो, याचं उत्तर मी दरवर्षी मुलांना लिहून देत आले.

आमच्या इमारतीत मुरबे गावची एक मावशी मासे घेऊन यायची. एका सकाळी मी बोय माशांचा वाटा उचलला, तर तिनेच टोपली मागे ओढली.

"नको घेऊ बाय. खाडीची हाय. औषदाचा वास येतो."

मी बोय नाकाशी नेली. वास होता. रंगाच्या डब्यासारखा, घशात उतरणारा.

मावशी हे बाजारातही सांगू लागली. तिथल्या बायका घाबरल्या. त्यांचंही पोट मासळीवरच. "हिचं डोकं फिरलंय," असं त्या गिऱ्हाइकांना सांगत सुटल्या. एकदा मी बाजारात गेले तेव्हा त्यांनी मला घेरलं. एकीने बोय माझ्यापुढे धरली. तोच वास.

"मॅडम, तुमी शिकलेल्या. तुमीच सांगा, वास हाय?"

मावशी समोरच बसली होती, माझ्याकडे बघत. मी काय सांगणार याची तिला खात्री होती. माझा नवरा खाडीत सांडपाणी सोडणाऱ्या तारापूरच्या एका कारखान्यात नोकरीला आहे. तो आठवला, भोवतीचे चेहरे दिसले आणि मी बोलून गेले, "मला तरी नाही आला."

त्यानंतर मावशीची सून टोपली घेऊन येऊ लागली. सासू स्वतःचे हात हुंगत बसते, धुतलेली भांडी पुन्हा घासते, ताटातला भातसुद्धा बाजूला सारते, असं तिच्याकडून कळायचं. आधी तिला भगताकडे नेऊन झालं, मग पालघरच्या डॉक्टरकडे. मी ऐकायचे आणि पापलेटाचा भाव विचारायचे.

मग वर्गात ती कथा आली. एका मुलीने विचारलं, "मॅडम, गावात एकाला पण खरं माहीत नव्हतं?"

"असेल."

"मग बोलले का नाय?"

मी मुलांना धडा मनात वाचायला सांगितला.

त्या शनिवारी मी मुरब्याला गेले. मावशी ओट्यावर बसली होती. मी म्हटलं, "मावशी, त्या दिवशी वास होता. मला आला होता."

तिने लगेच सुनेला हाक मारली. "इकडं ये. ही काय बोलते ऐक." मग मला म्हणाली, "परत बोल."

मी परत बोलले. तिने शेजारणीला बोलावलं, तिच्यापुढेही बोलायला लावलं.

"आता बाजारात चल," ती म्हणाली.

बाजारात मी बोलले तेव्हा एकीने हसून हात नाचवला. "घ्या! आता मॅडमचं पण फिरलं."

मावशी पुन्हा धंद्यावर बसते, पण खाडीची मासळी विकत नाही. हात हुंगायची सवय काही सुटलेली नाही. मी बाजारात शिरले की दोघीतिघी एकमेकींना कोपर मारतात. मी भरभर चालायला लागते. मग मुद्दाम चाल हळू करते.