तांब्याभर पाणी आणि हमीभाव

आमच्या पूर्णा गावात भात पिकवणारा म्हणून पाहुण्यांना दाखवावा असा एकच माणूस उरलाय, केसरीनाथकाका. दोन्ही बाजूंना गोदामं आणि मध्ये काकांचा हिरवा तुकडा. बाकीची जमीन त्यांनी कधीच गोदामाला दिली, पण या तुकड्याच्या बांधाला दरवर्षी स्वतः माती लावतात, पावसात ती वाहून जाऊ नये म्हणून वर गवत लावतात. मला विचाराल तर हा निव्वळ हट्ट आहे. पण हट्ट करावा तर असा.

मुलगा भाविक तिथं ट्रकचं पार्किंग करायला टपलेला. शेवटी बापलेकांत ठरलं, यंदा सरकारी केंद्रानं हमीभावानं भात घेतलं तर शेत राहील, नाहीतर पार्किंग.

काकांनी गोदामाच्या वॉचमनला चहा पाजून त्याच्या सिमेंटच्या अंगणात भात वाळवलं. असं कडकडीत, की दाणा दाताखाली कटकन वाजे. टेम्पो माझा, म्हणून पुढचं सगळं मी डोळ्यांनी पाहिलं. घरचं धान्य निघालं म्हणून राहीकाकूनं रिवाजाप्रमाणे पहिल्या पोत्याला हळदकुंकू लावलं, नारळ फोडला आणि तांब्यातलं पाणी शिंपडलं. काकूची भक्ती हात राखून नसते. तांब्या रिकामा झाला.

केंद्रावरच्या माणसानं ओलावा मोजायला नेमकं तेच पोतं उघडलं.

"ओलं आहे. बंद व्हायच्या आत वाळवून दाखवा, नाहीतर सगळा माल परत."

भाविकला हसू आवरेना. काका काकूवर लालबुंद झाले. "तू पोराला सामील हायस!"

काकूनं पदर खोचला, ताडपत्री उन्हात अंथरली, पोतं ओतलं आणि अनवाणी पायांनी भात उलथायला लागली. काका जरा वेळ रुसून बसले, मग तेही उतरले. दोघं एकामागोमाग गोल फिरताना पाहून रांगेतला एकजण ओरडला, "काका, लग्नाचं फेरं किती झालं?"

उन्हं कलता कलता भात पास झालं. मला खरंच फार बरं वाटलं.

परतताना भाविकनं शेवटचा प्रयत्न केला. "आई, पण ट्रक उभं कुठं करायचं?"

"रस्त्यावं," काकू बोलली. "ट्रक रस्त्यावं बी उभा ऱ्हतो. भात ऱ्हतं का?"