पोकळ निलगिरी आणि क्लेमचा आंबा

नोला ट्रेगिअरने पहिला नवरा दारूपायी गमावला आणि दुसरा आंब्यापायी. दुसरा, क्लेम, तसा धडधाकट होता. पण सकाळी उठला की बायकोआधी अंगणातल्या आंब्याची विचारपूस करायचा. नोलाला त्याचं फारसं वाटत नसे. उभं आयुष्य तिने हायवेवरच्या खानावळीत ट्रकवाल्यांना स्टेक आणि शिव्या वाढण्यात घालवलं होतं. सकाळी सकाळी कुणी तिच्याशी बोललं नाही तर तिला बरंच वाटे.

हम्प्टी डू गावातल्या त्यांच्या जमिनीवर भांडण होतं ते मागच्या जुन्या निलगिरीचं. वाळवीने त्याचा गाभा कधीच फस्त केला होता. बुंध्यावर थाप मारली की ढोलासारखा आवाज यायचा, वरच्या ढोलीत पोपट पिल्लं काढायचे. आणि हे झाड नेमकं संडासावर कललेलं होतं.

"आज कापतोच," उन्हाळा आला की क्लेम करवत काढायचा. "पोकळ आहे ते. एक दिवस मी आत बसलेला असताना कोसळेल. चड्डी घोट्यापर्यंत आणि जीव वर! असलं मरण नको मला."

"माझ्या बापाच्या डोक्यातही काही नव्हतं," नोला म्हणायची, "तरी म्हातारा होऊन मेला. सावली आहे, राहू दे. हात लावलास तर स्वयंपाक तू करायचास."

क्लेमने एकदाच शेवयांचं सूप केलं होतं, ते त्याला स्वतःलाही गिळवलं नव्हतं. करवत परत खोपटात जायची.

आंब्यांची मात्र बडदास्त होती; बाकीच्यांची थोडीथोडी, अंगणातल्या लाडक्याची सगळ्यात जास्त. क्लेमने त्याच्या बुंध्याला टेकवून लाकडाच्या चिपांचा गुडघाभर ढीग रचला होता आणि त्यावर रोज पाण्याची नळी सोडायचा. झाड हिरवंगार, फळांनी लगडलेलं. येणाऱ्याजाणाऱ्याला तो ते असं दाखवायचा, जसं काही त्यानेच ते जन्माला घातलंय.

पावसाळ्याच्या तोंडावर, घामाने माणसं चिडचिडी होतात त्या दिवसांत, एका दुपारी वादळ आलं. दोघं खिडकीतून निलगिरीकडे बघत होते. ते झाड डुललं, करकरलं, एक फांदी टाकली आणि उभं राहिलं. तेवढ्यात पुढच्या अंगणात धाडकन आवाज झाला. आंबा मुळापाशी मोडून, शेजारी ठेवलेल्या क्लेमच्या होडीवर आडवा झाला होता.

पाऊस थांबल्यावर शेजारचा मानोलिस कुंपण ओलांडून आला. त्याची लिंबाची झाडं अशीच गेली होती. त्याने पायाने चिपा बाजूला केल्या. खाली बुंध्याची साल कागदासारखी सुटली आणि आत जाड जाड वाळवी वळवळली.

"निलगिरीचा नुसता गाभा खाल्लाय, क्लेम. तो तसाही मेलेलाच असतो. झाडाचा जीव सालीखाली. ही वाळवीची मोठी जात वेगळी, ती सालीखालचंच खाते, तेही बुंध्याभोवती गोल फिरून. वर तू तिला ओलं जेवण वाढलंस, रोजच्या रोज."

क्लेम ओल्या गवतात फतकल मारून बसला. नोलाच्या जिभेवर चांगलं झणझणीत उत्तर आलं होतं; पहिल्यांदाच तिने ते गिळलं. त्याच्याशेजारी बसून तिने त्याच्या टकलावरची माती पुसली.

"मीच मारलं गं त्याला."

"लाडाने मारलंस. माझ्या पहिल्याला तेवढंही नशीब नव्हतं. ऊठ आता, बाकीची झाडं बघू."

अंधार पडेपर्यंत दोघांनी उरलेल्या प्रत्येक आंब्याभोवतीच्या चिपा फावड्याने दूर ओढल्या आणि स्क्रूड्रायव्हरने साल टोचून पाहिली. आणखी एका झाडाला लागण निघाली, बाकीची वाचली.

पडलेल्या झाडावरच्या कैऱ्या नोलाने पोत्यांत भरल्या. शनिवारी पारापच्या आठवडी बाजारात कैरीची कोशिंबीर विकणाऱ्या थाई बाईने त्या सगळ्या घेतल्या आणि पुढच्या आठवड्यासाठी अजून मागितल्या.

"झाडच मेलंय," क्लेम दुःखाने म्हणाला.

"मग दुसरं पाडा," ती बाई म्हणाली.

नोला इतकी हसली की तिच्या वाटीतला लाक्सा, शेवयांचा तिखट रस्सा, क्लेमच्या पांढऱ्या शर्टावर सांडला.